लिओन्झ पाववाल्याची अक्रोडी मूठ

आमच्या हागेनव्हिल गावच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, दोन जातीची माणसं यायची. एक पिस्तूल चालवणारी, दुसरी पिस्तूल पुसणारी. लिओन्झ हुविलर दुसऱ्या जातीतला, आणि त्या जातीत त्याच्या तोडीचा माणूस लिंडेनबर्ग डोंगराच्या दोन्ही उतारांवर शोधून सापडला नसता.

धंद्यानं तो पाववाला. चर्चच्या खालच्या अंगाला भट्टी, समोर दुकान, शनिवारी वेणीपाव, रविवारी बंद. पाव चांगले करायचा, त्यात खोट काढणार नाही. पण रविवारी सकाळी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, आटोपून चांदमारीवर आला की हा माणूस पाववाला उरायचा नाही, मोठा शास्त्री व्हायचा. पेटी उघडायचा, आत मखमल. मखमलीवर पिवळं फडकं, फडक्यात पांढरं फडकं, आणि त्यात ते एका गोळीचं लांब नळीचं पिस्तूल. मग ब्रश, तेल, बारीक स्क्रू फिरवायचा पेचकस, भिंग. आम्ही एकेक डाव संपवून सॉसेज खायला जायचो तरी याचं पुसणं चाललेलंच. उडवायची वेळ आली की गोळी जायची सातात, म्हणजे मधल्या दहाच्या वर्तुळापासून तीन वर्तुळं बाहेर. सातात गेली की तो नळीत डोकावून म्हणायचा, "हवेत आज दमटपणा आहे."

"दमटपणा तुझ्या डोक्यात आहे, लिओन्झ्या," थेओफिल म्हणायचा.

थेओफिल हा डुकरांचा व्यापारी. त्याच्या पिस्तुलाच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती. नळी साफ करताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. त्याचं म्हणणं, छोट्या काडतुसाची नळी गोळ्यांनीच मांजली जाते, माणसानं तिथे नाक खुपसू नये. तो नऊ मारायचा, नऊ मारायचा, मधूनच एखादा दहा, आणि शिंकरून पुढचं काडतूस भरायचा. लिओन्झला ते बघवायचं नाही. घाणेरड्या पिस्तुलातून नऊ जातोच कसा, याचा त्याला धार्मिक धक्का बसायचा.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या मंडळाचा पाच जणांचा गट दर वर्षी जिल्ह्याच्या गटस्पर्धेला जायचा. लिओन्झ दर वर्षी सहावा. सहावा म्हणजे राखीव. राखीव माणसानं करायचं काय, तर पिशव्या उचलायच्या, मोटारीत मागे बसायचं आणि सगळ्यांसाठी पाव आणायचा. इतकी वर्षं त्यानं तो पाव आणला आणि इतकी वर्षं त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली, की एकदा तरी आपलं नाव त्या पाचांत लागावं. त्या वर्षी म्हाताऱ्या गेर्व्हासच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पाचातली एक जागा रिकामी झाली. आमचा अध्यक्ष झावर श्ट्रेबेल, दूधडेअरीवाला, उभा राहून म्हणाला, "जूनच्या पहिल्या रविवारी लिओन्झ आणि थेओफिल, दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं. जास्त गुण ज्याचे, तो गटात. उरलेला पाव आणेल."

सगळे हसले. लिओन्झ हसला नाही. तो दुसऱ्याच दिवशी दरीपलीकडे गेला आणि मीनराड आबेग्गचं पिस्तूल विकत घेऊन आला.

मीनराड आबेग्ग हे नाव आमच्याकडे टोपी काढून घ्यायचं. तीन वेळा कँटनचा, म्हणजे अख्ख्या प्रांताचा विजेता. दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता. त्याची विधवा ओटिलियाबाई आमच्याच चांदमारीच्या खानावळीत रविवारी सॉसेज भाजायला यायची. कपाट मोकळं करायचं म्हणून तिनं पिस्तूल काढलं, आणि लिओन्झनं ते असं उचललं की जणू मठात जपलेलं संताचं पवित्र हाडच घरी नेतोय.

आता या पिस्तुलाची मूठ कशी असते ते बघा. साधी मूठ नव्हे ती. अक्रोडाच्या लाकडाचा अख्खा हातमोजाच म्हणा. अंगठ्याला वेगळी खाच, तळव्याला वेगळा उंचवटा, मनगटाखाली लाकडाची फळी, वरून हात झाकणारा पंखा. माणूस हात आत सारतो आणि लाकूड त्याला धरून बसतं. म्हणून ती ज्याची त्यानं आपल्या हातावर कोरायची असते. थोडं कानशीनं घासायचं, थोडं भुसा सरसात कालवून भरायचं, पुन्हा घासायचं. दुसऱ्याची मूठ म्हणजे दुसऱ्याची कवळी. शाळेतल्या पोरालाही हे कळतं.

मीनराडचा हात होता घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा, लांब आणि काटक. लिओन्झचा हात पाववाल्याचा. फुगलेला, मऊ, बोटं पाच वेगवेगळ्या छोट्या पावांसारखी. पिस्तूल आणल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो हात त्या मुठीत अर्धाच गेला. अंगठा बाहेर राहिला.

"कानस आणू का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला शिवी दिली होती. "या लाकडाला कानस? या लाकडात मीनराडचे दहा मुरलेत. एक कण काढला तर कुठला दहा निघून जाईल, आहे तुला ठाऊक?"

"अरे, पण हात आत जात नाही तुझा."

"मूठ बरोबर आहे," लिओन्झ म्हणाला. "हात चुकीचा आहे."

हे वाक्य आमच्या गावात पुढे कित्येक वर्षं चाललं. कुणाचा बूट लागला, कुणाची बायको रुसली, की लोक म्हणायचे, मूठ बरोबर आहे, हात चुकीचा आहे. पण लिओन्झ ते गंमत म्हणून बोललाच नव्हता. तो गंभीरपणे घरी गेला आणि हात बारीक करायला लागला.

मीठ सोडलं. बियर सोडली. रात्री उजवा हात दोरीनं पलंगाच्या दांडीला वर टांगून झोपायला लागला, म्हणजे रक्त खाली उतरावं. क्रेसेंझ, त्याची बायको, सकाळी पाव घ्यायला गेलेल्या माणसांना सांगायची, "घरात ढेरपोट्या शाळकरी पोरगा झोपलाय की काय असं वाटतं. हात वर करून घोरतो." पीठ मळल्यानं हात रुंद होतो असं त्याला कुठून तरी कळलं, मग मळणं बंद. सगळं पीठ क्रेसेंझच्या गळ्यात. ती बिचारी पहाटेपासून भट्टीत, दुकान सांभाळणं वेगळंच. मळायला वेळ पुरेना, पाव बसके निघायला लागले. पाद्रीबुवांनी उपदेशात येशूनं पाच भाकरींत हजारोंना जेवू घातल्याच्या चमत्काराचा विषय घेतला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी खोकलं.

आणि त्या पिस्तुलाची निगा! मीनराडच्या घरी ते थंड कोरड्या माजघरात असायचं. लिओन्झनं ते ठेवलं भट्टीशेजारच्या उबदार खोलीत, जिथे पाव फुगायला ठेवतात. का, तर चोरापासून सुरक्षित, आणि जाता येता दर्शन होतं. त्या खोलीत वाफ, पिठाची धूळ. लाकूड वाफ प्यायलं की फुगतं, बाहेरच्या बाजूला नव्हे, हाताच्या बाजूला. म्हणजे इकडे हा हात बारीक करतोय आणि तिकडे मूठ त्याच्या दुप्पट वेगानं लहान होतेय. पिठाची धूळ चापात जायची ती वेगळीच. त्या पिस्तुलाचा चाप आधी एका कडीनं चढवून ठेवायचा असतो, मग बोटाचा नुसता स्पर्श झाला की सुटतो. इतकं नाजूक यंत्र कोरडं ठेवायचं असतं. लिओन्झ त्यात रोज तेल घालायचा. तेल आणि पीठ. त्यानं चापात शिरा करून ठेवला होता आणि रोज सुईनं टोकरून काढायचा, आणि म्हणायचा की मीनराडनं फारच हलगर्जीपणानं वापरलेलं दिसतंय.

जूनचा पहिला रविवार आला. कडक ऊन. मिस्सेनंतर आम्ही वर गेलो तर लिओन्झ आधीच हजर, चांदमारीच्या वाटेवरच्या दगडी हौदात कोपरापर्यंत हात बुडवून. झऱ्याचं पाणी, उन्हाळ्यातही दात वाजवणारं. हात पांढराफटक पडला होता, मेलेल्या माशासारखा.

"कधीपासून बसलायस?" झावरनं विचारलं.

"मिस्सेआधीपासून."

"म्हणजे मिस्सा बुडवलास?"

"देवाला माहीत आहे मी कुठे आहे ते," लिओन्झ म्हणाला.

मग तो आपल्या जागेवर उभा राहिला, आणि आता ऐका, इथे त्यानं जे केलं ते या जगात फक्त पाववालाच करू शकतो. घाम येऊ नये म्हणून आम्ही नेमबाज हाताला खडूची भुकटी लावतो. लिओन्झनं खिशातून पुडी काढली. पुडीत पीठ. चांगलं बारीक, वेणीपावाचं पांढरं पीठ.

"हे काय?" थेओफिलनं विचारलं.

"खडू खरबरीत असतो. लाकडाला ओरखडे पडतात. हे मऊ."

त्यानं हात पिठात घोळवला आणि त्या गारठलेल्या, आक्रसलेल्या हाताला मुठीत सारलं. हात गेला! अंगठ्यासकट गेला. लिओन्झच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की झावरनंही टोपी मागे सारली.

आणि खोटं कशाला बोलू, त्यानं मारलेही चांगले. मला ते आवडलं नव्हतं, पण झालं तसं. गारठलेला हात लाकडात आवळून बसला होता, हलायला जागाच नव्हती. समोरच्या खड्ड्यातला माणूस लांब काठीवरची पाटी वर करून गुण दाखवायचा. नऊ. नऊ. दहा. आठ. दहा. थेओफिल नेहमीसारखा नाक ओढत नऊ मारत होता, त्या दिवशी मधूनच आठ, पण लिओन्झ पुढे होता. चांगला आठ गुणांनी पुढे. राखीव पाववाला गटात चालला होता. सॉसेज तसेच टाकून लोक पाठीमागे जमा झाले.

मग ऊन छपरावर आलं. गार हात गरम व्हायला लागला. गरम झाला की फुगायला लागला. फुगला की घाम. घाम पिठात. आणि लिओन्झ हुविलरनं, ज्यानं गेले कित्येक आठवडे पीठ मळायला नकार दिला होता, त्यानं आपल्या स्वतःच्या मुठीत पीठ मळायला घेतलं.

त्याला कळलं तेव्हा उशीर झाला होता. लाकडात आवळून चापाचं बोट निळं पडलं होतं. चाप चढवलेला, पिस्तूल वर येतंय, अजून निशाणावर पोचलंही नाही, आणि सुन्न बोट चापाला कधी लागलं ते त्यालाच कळलं नाही. ठो! लिओन्झच्या निशाणावर काहीच नाही. शेजारच्या थेओफिलच्या निशाणावर पाटी वर गेली, गरगर फिरली. दहा. अगदी मध्यातला, त्या दिवसातला सगळ्यात देखणा दहा.

थेओफिल काडतूस हातात धरून उभा होता. त्यानं पिस्तूल उचललंही नव्हतं. त्यानं टोपी काढून खड्ड्याकडे वाकून नमस्कार केला. "मेहेरबानी, लिओन्झ्या. मला सांगितलं असतंस तर घरीच बसलो असतो."

"पिस्तूल खाली!" झावर ओरडला. "चुकीचं निशाण, शून्य गुण. पिस्तूल खाली ठेव, लिओन्झ."

लिओन्झ उभाच.

"अरे खाली ठेव म्हणतोय!"

"ठेवतोय," लिओन्झ हळूच म्हणाला. "ते... सुटत नाहीये."

सगळे त्याच्या हाताकडे वाकून बघायला लागले. मग गेर्व्हास, ज्याला मोतीबिंदूमुळे काहीच दिसत नव्हतं, त्यानं विचारलं, "काय झालं? मेला का?"

"नाही," थेओफिल म्हणाला. "चिकटला."

पिस्तूल रिकामं होतं, झावरनं कळ उघडून पाहिलं. पण आमचा नियम पक्का, हातातलं पिस्तूल उभं राहायच्या रेषेच्या मागे येणार नाही, पेटीत बंद होऊनच येईल. आता हे पेटीत घालायचं तर लिओन्झलाही पेटीत घालावं लागणार. तेव्हा तो तिथेच, तोंड निशाणाकडे, हात टेबलावर, असा उभा राहिला, आणि आम्ही पाळीपाळीनं ओढून पाहिलं. मनगट धरून मी, नळी धरून थेओफिल. लिओन्झ किंचाळला, "नळी धरू नको! तुझ्या बोटांचा घाम लागेल!"

"यीस्ट घातलंयस का रे?" थेओफिल म्हणाला. "घातलं असशील तर थोडं थांबू या. फुगून आपणच बाहेर येईल."

झावरनं घड्याळ काढलं. रविवारी बाराची घंटा झाली की आमच्या गावात एकही बार उडता कामा नये, हा जुना कायदा, आणि पाद्रीबुवा तो कान लावून पाळायचे. "ऐक, लिओन्झ," झावर म्हणाला. "शून्य धरून तू आणि थेओफिल आता जवळजवळ बरोबरीत आलात. तुझ्या थोड्याच गोळ्या उरल्यात. घंटेला अर्धा तास आहे. मूठ कापून टाकतो. हात मोकळा होईल, बोटात रक्त येईल. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या पिस्तुलानं मार, मी परवानगी देतो."

"माझं घे," थेओफिल म्हणाला. आणि तो ते मनापासून म्हणाला बरं का. "ट्यूबवाली मूठ आहे, कुणाच्याही हाताला बसते. आणि गाडीत माझी डुकराची हाडं कापायची करवत आहे. धार बघ, अंगठा सोडून सगळं कापीन."

लिओन्झनं त्या मुठीवर डावा हात ठेवला. आई पाळण्यावर ठेवते तसा. "कापायची नाही."

"अरे, तुला गटात यायचंय ना?"

"यायचंय."

"मग?"

"ही मीनराडची मूठ आहे."

गर्दीतून ओटिलियाबाई पुढे आल्या. हातात सॉसेज उलटायचा चिमटा, ॲप्रन काजळीनं काळा. त्यांनी मान वाकडी करून मूठ पाहिली.

"ही?" त्या म्हणाल्या. "ही कुठली मीनराडची? म्हणजे होती त्याचीच, पण ही शेवटची. अहो लिओन्झभाऊ, तो दर हिवाळ्यात कानस घेऊन बसायचा. स्वयंपाकघरभर भुसा. हात बदलतो म्हणायचा, मूठ बदलायला हवी. फारच बिघडली की फेकून द्यायचा आणि नवी कोरायचा. ज्या मुठींनी तो जिंकला त्या मी चुलीत घातल्या. अक्रोड छान जळतो. या शेवटच्या मुठीनं त्यानं काही जिंकलं नाही, तोवर त्याला धड दिसतही नव्हतं."

एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कुणी करवत मागितली असती. लिओन्झनं ओटिलियाबाईंकडे दयेनं पाहिलं. "बाई, तुम्ही त्याची बायको," तो म्हणाला. "तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

ओटिलियाबाई हसून पुन्हा शेगडीकडे गेल्या. सॉसेज करपत होते.

तेवढ्यात खालून क्रेसेंझ आली. कोणीतरी जाऊन तिला सांगितलं होतं. बाह्या वर केलेल्या, केसांत पीठ. तिनं नवऱ्याचा हात उलटा सुलटा करून पाहिला, मुठीच्या कडेनं बाहेर आलेला पांढरा गोळा बोटानं दाबला, आणि म्हणाली, "चांगलं मळलंयस. इतके आठवडे मला घरात हे दिसलं नाही." मग ती खानावळीत गेली आणि भांडी धुवायचा टब गरम पाण्यानं भरून घेऊन आली. "बुडव. पीठ सुटायला गरम पाणी लागतं, तुला सांगायची गरज आहे का?"

झावर म्हणाला, "वा! वहिनी, पंधरा मिनिटं आहेत. बुडव, लिओन्झ."

"गरम पाण्यात? अक्रोड?" लिओन्झ हात वर धरून मागे सरकला, पण रेषा आडवी आली. "तडा जाईल! वाळू द्या. वाळलं की आपोआप सुटेल."

"वाळलं की विटेसारखं होईल," क्रेसेंझ म्हणाली. "बावीस वर्षं तू पाव करतोस."

"पाव वेगळा. हे वेगळं."

"लिओन्झ," झावर म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात विनवणी होती, "जागा तुझी आहे रे. बहुतेक तुझीच आहे. हात बुडव."

मी त्याचा चेहरा बघत होतो. तो माणूस खरोखर घामाघूम झाला होता. एकीकडे टब, त्यातून वाफ निघतेय, पलीकडे गटातली जागा. दुसरीकडे लाकडाचा तुकडा, ज्याच्यात एकही दहा उरलेला नाही हे त्याला नुकतंच सांगून झालंय. तो टबाकडे बघायचा, मुठीकडे बघायचा. एकदा तर हात पाण्यापर्यंत नेला. वाफ लाकडाला लागली मात्र, त्यानं हात मागे घेतला आणि म्हणाला, "आधी तेल लावू या. सगळीकडून तेल लावलं तर पाणी आत..."

घंटा झाली.

ती चांगली लांब वाजते आमची घंटा. सगळ्यांनी टोप्या काढल्या. थेओफिलनंसुद्धा टोपी हातात घेतली. शेवटचा ठोका विरला तशी क्रेसेंझनं नवऱ्याचं मनगट पकडलं आणि हात, मूठ, पिस्तूल सगळं एकदम टबात दाबलं, मांजराच्या पिल्लाला आंघोळ घालावी तसं. लिओन्झनं डोळे मिटले. दोन मिनिटांत हात सुटून बाहेर आला, उकडलेल्या बटाट्यासारखा लाल आणि सुरकुतलेला.

मुठीला तडा गेला नव्हता. साधा ओरखडाही नाही. अक्रोड चांगला होता.

गटात थेओफिल गेला. झावरनं त्याला उरलेल्या गोळ्या मारायलाही लावल्या नाहीत. आम्ही स्पर्धेत अकरावे आलो, आणि एक धुरी दिलेला डुकराच्या मांडीचा तुकडा मिळाला, जो थेओफिलनं हुंगून पाहिला आणि म्हणाला की हे डुक्कर मी विकलं असतं तर लाज वाटली असती. लिओन्झ मागे बसून आला होता. पाव त्यानं आणला होता. पाव चांगला होता, कारण आता मळायला तोच बसायला लागला होता.

ते पिस्तूल त्यानं पुन्हा कधी उडवलं नाही. दुकानाच्या खिडकीत, वेणीपावांच्या मधोमध, काचेच्या पेटीत लावून ठेवलं. कुणी अनोळखी गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं की तो गल्ल्यामागून यायचा, हात ॲप्रनला पुसायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा,

"मीनराड आबेग्गची मूठ आहे ही. पण तुम्हाला सांगतो, मीनराडनंसुद्धा ती इतका वेळ सलग कधी धरली नव्हती."